गुलाबी फीत आणि गळालेला मजकूर

ऑक्टोबर हा स्तनकर्करोगाविषयी जागृतीचा महिना. दुकानांच्या काचांवर, वृत्तपत्रांच्या जाहिरातींत, खासगी रुग्णालयांच्या सवलतीच्या फलकांवर गुलाबी फीत झळकू लागते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या जुन्या मराठी वस्त्यांनाही ती आता परकी राहिलेली नाही. साहित्याच्या अभ्यासकाने या फितीकडे एक संहिता म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. कारण तिचा इतिहास हा एका मजकुराच्या लोपाचा इतिहास आहे.

१९९०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील शार्लट हेली या वयस्क बाईंनी घरीच फिती तयार केल्या. त्यांचा रंग पीच फळासारखा होता. पाच फितींमागे एक कार्ड असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १.८ अब्ज डॉलरांच्या वार्षिक अंदाजपत्रकापैकी अवघे ५ टक्के प्रतिबंधासाठी खर्च होतात, असे सांगून लोकप्रतिनिधींना जागे करण्याचे आवाहन त्यावर केलेले असे. १९९२ साली ‘एस्टी लॉडर’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या सहकार्याने ‘सेल्फ’ मासिकाने ही फीत मागितली. यात व्यापार फार आहे, म्हणून बाईंनी नकार दिला. तेव्हा वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला गेला. रंगाबरोबर कार्डही गेले, याची आठवण मात्र क्वचितच कोणी ठेवतो.

आकडा गेला, राज्यकर्त्यांना विचारलेला जाब गेला. उरले ते कोणत्याही मालावर डकवता येणारे चिन्ह. ‘योप्ले’ने १९९८ साली सुरू केलेल्या मोहिमेत दह्याची झाकणे धुऊन टपालाने पाठवली, की झाकणामागे १० सेंट देणगी मिळे. २०१० साली ‘केंटकी फ्राइड चिकन’ने गुलाबी बादल्यांतून तळलेली कोंबडी विकली आणि बादलीमागे ५० सेंट ‘कोमेन’ संस्थेस दिले.

या व्यवहारावर दोन लेखिकांनी मार्मिक प्रहार केले. बार्बरा एरनराइक यांनी स्वतः या रोगाला तोंड देत असताना २००१ साली ‘हार्पर्स’मध्ये ‘वेलकम टू कॅन्सरलँड’ हा निबंध लिहिला. रुग्ण स्त्रीने सदैव हसतमुख व कृतज्ञ असावे, ही सक्ती त्यांना सर्वांत जाचली. तिचा संताप हिरावून घेणे हीच या बाजाराची पहिली अट आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आम्हांस दिसतो. समांथा किंग यांचे ‘पिंक रिबन्स, इंक.’ (२००६) हे पुस्तक कमी धगधगीत, परंतु अधिक पद्धतशीर आहे. नागरिकाची मागणी ग्राहकाच्या खरेदीत कशी विरते, हे त्या टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवतात.

तरीही ही टीका आमच्याकडे जशीच्या तशी लागू करण्यास आम्ही कचरतो. आमच्या कित्येक घरांत या आजाराचे नाव आजही दबक्या आवाजात घेतले जाते. गाठ हाताला लागूनही बाई महिनोन्‌महिने बोलत नाही. तेथे फितीने तोंड उघडले, तर ते श्रेय तिला द्यावेच लागेल. प्रश्न त्यापुढचा आहे. तोंड उघडलेल्या बाईच्या हाती काय पडते? बहुधा तपासणीच्या ‘पॅकेज’चा दर.

याउलट मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ साली आरंभिलेला अभ्यास पाहावा. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीचा परिणाम दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या या अभ्यासात वीस वर्षे पारखला गेला. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सर्व वयांचा एकत्रित विचार करता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. मात्र पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही; म्हणूनच तिला प्रायोजक मिळणेही कठीण.

आमच्या मंडळांना ऑक्टोबरात प्रायोजित व्याख्यानांची निमंत्रणे आली, तर ती नाकारावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी कोण करते, कोणत्या वारी करते आणि त्यासाठी किती तरतूद आहे, हे वक्त्यास अवश्य विचारावे. हेलीबाईंच्या कार्डावरचा प्रश्न याच जातीचा होता.