जो आणि तो : रसेल यांच्या वर्णन-सिद्धांताविषयी

बर्ट्रंड रसेल यांचे नाव आमच्या घरांतून निघते ते बहुधा त्यांच्या १९२७ सालच्या ‘मी ख्रिस्ती का नाही’ या व्याख्यानामुळे, आणि निघाले की लगेच मिटवलेही जाते. आमच्या मते ते व्याख्यान त्यांच्या दुबळ्या लेखनात मोडते. श्रद्धावंताने वाचावा तो १९०५ साली ‘माइंड’ या नियतकालिकात आलेला ‘ऑन डिनोटिंग’ हा निबंध. खरा पेच तेथे आहे.

गणित हा तर्कशास्त्राचाच विस्तार आहे, हे सिद्ध करण्याचा ध्यास जर्मनीत फ्रेगे यांनी व इंग्लंडात रसेल यांनी घेतला होता. जून १९०२ मध्ये रसेल यांनी पत्र लिहून फ्रेगे यांच्या पायातील भेग दाखविली. जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे काय? आहे म्हणावे तर नाही ठरतो. नाही म्हणावे तर आहे. फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता! रसेल यांचा तोडगा म्हणजे प्रकार-सिद्धांत : वस्तू एका पायरीवर, वस्तूंचे संच वरच्या पायरीवर, एका पायरीचे बोलणे दुसरीवर नेले तर ते खोटे नव्हे, निरर्थक होते.

निबंधातील प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. फ्रान्सला राजा नसताना ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे वाक्य खरे की खोटे? रसेल म्हणतात, ‘फ्रान्सचा राजा’ हे कोणाचे नाव नव्हे. वाक्य उलगडावे : कोणीतरी फ्रान्सचा राजा आहे, एकाहून अधिक नाही, आणि जो आहे तो टकला आहे. पहिलेच विधान खोटे, म्हणून वाक्य खोटे. इंग्रजीत हे सारे एका उपपदात दडते. मराठीत ते उपपद नाही, पण ‘जो’ आणि ‘तो’ आहेत. ‘जो येईल त्याला वाढ’ म्हणताना आमच्या घरातील गृहिणीच्या मनात कोणाचेही नाव नसते.

यातून निघते ते असे : ‘आहे’ हे वर्णनाविषयी म्हणता येते, पण वर्णनाच्या पोटातून अस्तित्व काढता येत नाही. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो असलाच पाहिजे, हा संत अन्सेल्म यांचा युक्तिवाद येथे कोसळतो. कोसळो बापडा. संत थॉमस अक्वायनस यांनी तो तेराव्या शतकातच नाकारला होता. ‘सुम्मा’च्या पहिल्या भागातील दुसऱ्या प्रश्नात ते सांगतात, की कार्यावरून कारणाकडे जाताना ‘देव’ या शब्दाचा अर्थ त्याच्या कार्यांवरून घ्यावा. तो काय आहे हा प्रश्न, तो आहे की नाही याच्या नंतरचा. म्हणजे आधी ‘ज्याच्यामुळे हे सारे आहे तो’ एवढे वर्णन, आणि तसा कोणी आहे याची सिद्धता बाहेरच्या जगावरून. रसेल यांना यात तार्किक चूक काढता आली असती, असे आम्हांस वाटत नाही.

२८ जानेवारी १९४८ रोजी बी.बी.सी.वर रसेल आणि येशूसंघीय फादर फ्रेडरिक कोपल्स्टन यांचा वाद झाला. आरंभीच फादरांनी देवाचे वर्णन मांडले, जगाहून वेगळा, व्यक्तिस्वरूप, जगाचा निर्माता. आणि रसेल यांनी ते चर्चेपुरते मान्य केले. भांडण पुढे झाले. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असत नाही, तसेच विश्वाच्या कारणाचे, असे रसेल म्हणाले. प्रकार-सिद्धांताची पायरी ती हीच. परंतु पायरी बदलली म्हणून प्रत्येक गुण गळत नाही. प्रत्येक वीट लाल असेल तर भिंतही लाल असते. कोणता गुण वर जातो, हे त्या-त्या गुणाकडे पाहूनच ठरवावे लागते. शिवाय फादरांचा मुद्दा निराळाच होता : साखळीला कड्यांसारखेच आणखी एक कारण ते मागत नव्हते, साखळी मुळात का आहे हे विचारत होते. यावर, साऱ्या विश्वाला कारण असावे असे मानण्यास आधार दिसत नाही, एवढेच रसेल यांचे उत्तर. ते मत झाले. १९०५ च्या निबंधातून ते निघत नाही.