मॅपला चिकटवलेलं संगीत

डिसेंबर २०२२ मध्ये विक्रीतून काढून टाकलेले ‘अनरियल’ आणि ‘अनरियल टूर्नामेंट’ हे खेळ नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्मात्या एपिक कंपनीच्या संमतीने इंटरनेट आर्काइव्हवरून पुन्हा खुले झाले. वाटलं, मॅप करणाऱ्यांच्या नव्या फळीला आता एक हरवलेली विद्या सापडेल. पण त्यानंतर जुन्या शूटर खेळांचे जे नवे कस्टम मॅप मी चालवून पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी निराशाच केली. बांधणी देखणी, प्रकाशयोजना विचारपूर्वक केलेली; संगीत मात्र कुठून तरी उचलून आणलेलं. चार मिनिटांची एक तयार एमपीथ्री किंवा ऑग फाइल, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. दार उघडलं, शत्रू अंगावर आला, खोली रिकामी झाली, तरी गाण्याला त्याचा पत्ता नाही.

इतर घराण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ने कल्याण-डोंबिवलीच्या सायबर कॅफेंत एक पिढी वाढवली, पण तिथे कान पावलांच्या आवाजावर लावायचा असतो, संगीताला जागाच नाही. ‘क्वेक’च्या मूळ रचनेत मॅपकाराच्या हातात होता तो फक्त सीडीच्या ट्रॅकचा क्रमांक, आणि त्या परंपरेने आजही घुमणाऱ्या वाऱ्यावर समाधान मानलं आहे. ‘डूम’वाल्यांनी मिडी निष्ठेने जपली, ‘डूम’कार जॉन रोमेरोच्या २०१९ च्या ‘सिजिल’साठी जेम्स पॅडॉकने केलेलं काम त्या निष्ठेचं चांगलं फळ आहे. पण मिडीत सूर लिहिलेले असतात, आवाज नसतो. तो ऐकणाऱ्याच्या यंत्रावर अवलंबून.

खरा विषय आहे मॉड्यूल. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्कीने अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा मॉड्यूल रचण्याचा प्रोग्राम, म्हणजे ट्रॅकर, लिहिला, तेव्हा त्या यंत्रात आवाजाचे चारच चॅनल होते. एका पॅटर्नमध्ये ६४ ओळी. प्रत्येक ओळीत प्रत्येक चॅनलसाठी एक सूर, एक नमुना (म्हणजे टिपलेल्या आवाजाचा तुकडा), एक आज्ञा. असा अख्खा पॅटर्न १,०२४ बाइटांत बसतो. चार चॅनलांत तीन सुरांचा मेळ परवडत नाही, म्हणून रचनाकारांनी एकाच चॅनलवर तीन सूर झरझर फिरवले, आणि त्या थरथरीतून एक नवी शैली जन्मली. पुढे स्क्रीम ट्रॅकर, फास्टट्रॅकर, इम्पल्स ट्रॅकर आले, चॅनल वाढले, पण तत्त्व बदललं नाही: मिडीत सूर असतात, एमपीथ्रीत आवाज असतो, मॉड्यूलमध्ये दोन्ही असतात आणि दोन्ही उघडे असतात. फाइल ओपनएमपीटी या ट्रॅकरमध्ये टाका. रचनाकाराने कुठला ठोका कुठे ठेवला, घुमारा कसा फसवून निर्माण केला, सगळं समोर वाचता येतं.

‘अनरियल’ने १९९८ मध्ये हेच मॉड्यूल युएमएक्सच्या वेष्टनात मॅपच्या हवाली केलं, तेव्हा त्यामागे डेमोसीनमध्ये, म्हणजे संगणकावर दृश्य-संगीताची कलाकारी करणाऱ्या हौशी मंडळींत, घडलेले हात होते: अलेक्झांडर ब्रँडन, मिशिल व्हान डेन बॉस, अँड्र्यू सेगा, डॅन गार्डोपी. मॅपच्या गुणधर्मांत गाण्याचं नाव लिहायचंच, शिवाय गाण्याचा कितवा भाग वाजवायचा तेही लिहायचं. अनरियल एडिटरमध्ये ‘म्युझिकइव्हेंट’ ठेवून त्याला ट्रिगर जोडला, की खेळाडू त्या उंबरठ्यावर पोचताच गाणं दुसऱ्या भागात शिरतं. हळू विरत जायचं की एका क्षणात, हेही मॅपकारच ठरवतो. लावणीच्या फडात ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पावलावर असते. इथे ती नजर मॅपमध्ये पेरता येते.

२००० च्या ‘डेउस एक्स’ने ही शक्यता शिखरावर नेली. प्रत्येक ठिकाणाच्या एकाच फाइलमध्ये शांत फिरण्याचा भाग, झटापटीचा भाग, संभाषणाचा भाग आणि मृत्यूचा भाग. सगळे एकाच नमुन्यांच्या पोतडीतून घडलेले, म्हणून गोळी सुटली तरी आपण त्याच गल्लीत, त्याच रात्री उभे आहोत असं वाटतं. दोन वेगळ्या एमपीथ्री एकमेकींत विरघळवून हा एकजीवपणा येत नाही.

आणि ‘टूर्नामेंट’मधला ‘फेसिंग वर्ल्ड्स’ हा मॅप. त्या खेळात भाग बदलण्याला फारसा वाव नव्हता, तरी व्हान डेन बॉसचं ‘फोरगॉन डिस्ट्रक्शन’ त्या मॅपपासून सोडवता येत नाही. खाली धावते, तुटक ड्रम. वर संथ, लांबलेले स्वर. मॅपही नेमका तसाच आहे: मनोऱ्यावर दबा धरून बसलेला नेमबाज आणि मधल्या उघड्या वाटेवरून झेंडा घेऊन जीव तोडून पळणारा. दोघांची गती एकाच रचनेत आहे. मॅप वाचून संगीत करणं म्हणतात ते हे.

२००२ मध्ये ‘टूर्नामेंट २००३’ आलं आणि एपिकनेच मॉड्यूल सोडून ऑग धरलं. मोठ्या कंपनीला वाद्यवृंद हवा होता. तो तिचा निर्णय. पण हौशी मॅपकारांनी तीच वाट का धरावी? जीझेडडूम या ‘डूम’च्या आधुनिक इंजिनात आजही मॉड, एसथ्रीएम, एक्सएम, आयटी चालतात. स्क्रिप्टमधून गाण्याला कुठल्या क्रमापासून सुरू हो हेही सांगता येतं. दार उघडं आहे, आत कोणी जात नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मॉड्यूल ही डायलअपच्या काळातली काटकसर होती. ५६ केच्या मोडेमवर चार एमबीचं गाणं उतरायला निदान दहा मिनिटं लागायची, चारशे केबीचं मॉड्यूल मिनिटाभरात; आता ती अडचण संपली, मॉड्यूलचं कामही संपलं. हा युक्तिवाद मला मुळातच अमान्य आहे. काटकसरीमुळे ही कला जन्मली म्हणून काटकसर हाच तिचा अर्थ ठरत नाही. फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली, ती फाइली लहान होत्या म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप, की हे आवाज खरखरीत असतात, तोही टिकत नाही. आयटी आणि एक्सएममध्ये सोळा बिटांचे नमुने कधीपासून बसतात. खरखर ऐकू येते ती आळसाने उचललेल्या नमुन्यांची.

तयार गाणं टाकणारा मॅपकार खरं तर आपला अर्धा मॅप दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. खोलीची उंची तो स्वतः मोजतो, दिव्याचा रंग दहादा बदलतो, आणि जो आवाज खेळाडूच्या कानात पूर्ण वेळ असणार तो मात्र शोधयंत्रातून निवडतो. याला आवडनिवड म्हणून सोडून देता येणार नाही. हे काम अपुरं आहे, आणि समीक्षेने त्याला अपुरं म्हटलं पाहिजे.

आंबिवलीत राहून हे लिहिण्याला कारण आहे. या खेळांचे मॅप बंद कारखान्यांनी भरलेले असतात. आमच्याकडे मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ पासून बंद आहे. तिचा मॅप इथल्या पोराने करायला हवा. आणि त्यात परदेशी सिंथ कशाला? हलगीचा अर्ध्या सेकंदाचा ठोका २२,०५० हर्ट्झवर, आठ बिटांत साधारण अकरा केबी होतो. संबळ, हळदीतला बँजो, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलचा रुळांवरचा खडखडाट, असे दहा-बारा नमुने मोबाइलवर टिपता येतात. ट्रॅकर फुकट आहे, एडिटर फुकट आहे, जुना संगणकही पुरतो. महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून थांबलेल्या मुलासाठी इतकी मोकळी दुसरी संगीतशाळा मला माहीत नाही, कारण तिथे प्रत्येक उस्तादाची वही उघडी आहे.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. जुन्या शूटरचा मॅप करणाऱ्याने संगीत स्वतः लिहावं, किंवा लिहिणाऱ्याला पहिल्या भिंतीपासून सोबत घ्यावं, आणि ते मॉड्यूलमध्ये लिहावं. ज्याला हे जमत नाही त्याने मॅप नि:शब्द ठेवावा. उसन्या गाण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक काम होईल.