पिवळ्या कार्डाचे सार्वभौमत्व

युरोपीय संघाचा कायदा बेतला जातो ब्रुसेल्सला आणि लागू होतो सत्तावीस देशांतल्या माणसांना. मग त्या देशांच्या निवडून आलेल्या संसदांनी करायचे काय? १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन कराराचे उत्तर असे : कायद्याचा मसुदा प्रत्येक संसदेकडे जाईल, तिने आठ आठवड्यांत आक्षेप नोंदवावा. प्रत्येक संसदेला दोन मते. सर्वसाधारणपणे एक तृतीयांश मते जमली की युरोपीय आयोगाने मसुद्याचा फेरविचार करावा. फेरविचार, रद्द नव्हे. याला फुटबॉलच्या भाषेत ‘पिवळे कार्ड’ म्हणतात.

लोकशाहीचा विजय म्हणून याचे कौतुक होते. मला ते मान्य नाही. या कार्डावर एकच आक्षेप लिहिता येतो : हे काम संघाचे नव्हे, आमचे आहे. अधिकार कुणाचा, एवढेच विचारायचे. कायदा कुणाच्या पोटावर येतो, हे विचारण्याची तेथे सोयच नाही.

दोन प्रसंग पाहा. लॅटव्हियाच्या एका कंपनीने आपले मजूर आणून स्वीडनमध्ये शाळेचे बांधकाम चालवले. स्वीडिश संघटनांनी वेतनकरारासाठी नाकेबंदी केली. डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने संघटनांच्या विरुद्ध निकाल दिला. पुढे २०१२ साली आयोगाने संपाचा हक्क आणि कंपनीचे आर्थिक स्वातंत्र्य एकाच तागडीत तोलणारा मसुदा आणला. डेन्मार्कने पुढाकार घेतला, ५४ पैकी १९ मते विरोधात गेली आणि मसुदा मागे घेतला गेला. कामगार चळवळीला आनंद झाला, आणि तो रास्तच होता.

चार वर्षांनी तेच कार्ड उलटे फिरले. परदेशी धाडलेल्या मजुराला तेथल्या मजुराच्याच नियमाने वेतन द्यावे, असा मसुदा मार्च २०१६ मध्ये आला. अकरा देशांच्या चौदा सभागृहांनी हरकत घेतली. दहा देश मध्य आणि पूर्व युरोपातले, अकरावा डेन्मार्कच! पूर्वेकडच्यांचे खरे म्हणणे असे की, आमचा मजूर स्वस्त आहे म्हणून त्याला काम मिळते. स्वस्ताई गेली तर कामही जाईल. हे उडवून लावण्याजोगे नाही. पण स्वस्ताईचा नफा कुणाच्या पदरात पडतो? ‘गावाने ठराव केला’ म्हणतात तेव्हा त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीचा आवाज किती असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘संसदेने हरकत घेतली’ हे वाक्यही त्याच कानाने ऐकले पाहिजे.

कार्डाला अधिकाराचीच भाषा कळते, म्हणून पोटाचा युक्तिवाद अधिकाराच्या वेषात पुढे आला. आयोगानेही त्याच भाषेत उत्तर दिले : प्रश्न सीमेपलीकडचा आहे, सबब तो संघाचाच. मसुदा कायम राहिला, २०१८ साली कायदा झाला. कायदा चांगला झाला. स्वस्त मजुराचे पुढे काय, हा प्रश्न मात्र कार्डाच्या चौकटीत आलाच नाही.

डेन्मार्कचीच दुसरी रीत मला अधिक खरी वाटते. १९७३ साली तो देश युरोपीय समुदायात गेला, तेव्हापासून महत्त्वाच्या प्रश्नावर वाटाघाटीला बसण्यापूर्वी मंत्र्याला संसदीय समितीपुढे यावे लागते. तेथे काय बोलणार, हे आधी सांगायचे; समितीत बहुमत विरोधात असेल तर ती भूमिका घेता येत नाही. येथे वेतनाबद्दलही विचारता येते, संपाबद्दलही.

आपल्याकडे संघ नाही, करार आहेत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर १९९४ साली मराकेशला सरकारने सही केली, ती संसदेची आगाऊ संमती न घेता. घटनेचे कलम २५३ बोलते ते करार अमलात आणण्यासाठी करायच्या कायद्याबद्दल. औषधांच्या पेटंटचा कायदा त्या करारानुसार बदलण्याची चर्चा २००५ साली लोकसभेत झाली, तेव्हा सहीला अकरा वर्षे होत आली होती.