भय आणि बेगमी : नाताळच्या लोककथांतील ग्रीलेचा पुनर्विचार

युरोपातील नाताळच्या लोकपरंपरेत उत्सवाच्या जोडीने भयही नांदत आले आहे. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या आल्प्स भागात ५ डिसेंबरच्या रात्री संत निकोलसाबरोबर शिंगे असलेला, केसाळ क्राम्पुस येतो. संत चांगल्या मुलांना खाऊ देतो, क्राम्पुस वाईट मुलांना छडी दाखवतो. २०१५ साली निघालेल्या एका अमेरिकन चित्रपटाने ही आकृती जगभर पोहोचवली. तिच्याबरोबर एक सोयीची समजूतही पसरली : हिवाळी सणांतील सारी भयरूपे ही मुलांना वळण लावण्याची साधने होत. आइसलँडमधील ग्रीला या राक्षसिणीला ही समजूत लावून पाहिली असता ती अपुरी पडते. ग्रीलेच्या भयाचे मूळ घराच्या हिवाळी बेगमीत शोधावे लागते आणि वर्तनाचा धडा हा त्यावर नंतर चढलेला थर आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

ग्रीलेचे नाव तेराव्या शतकातील साहित्यात आढळते. स्टुर्लुंगा सागेत ते प्रौढांच्या वैरातील धमकी म्हणून येते : शत्रूच्या शेतात उतरणारी पंधरा शेपट्यांची ग्रीला. तेथे नाताळही नाही आणि मूलही नाही. सतराव्या शतकातील पद्यांत मात्र ती दारोदार हिंडणारी, खोडकर मुले मागून नेणारी भिकारीण होते. तिला खायला घातले तर ती टळते, हा तपशील महत्त्वाचा आहे. जिची भीती वाटते ती स्वतःच भुकेली आहे. याच काळात ‘योलास्वेनार’, म्हणजे नाताळचे पोरगे, तिची मुले म्हणून कथेत दाखल होतात.

या पोरग्यांची नावे नीट वाचली पाहिजेत. योन आर्नासोन यांनी १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहात तेरा नावांची यादी मिळते. त्यांतला एक पातेल्याची खरवड काढून खातो, एक ढवळायचा चाटू चाटतो, एक वाडगा चाटतो. कोणी स्कीर हे दह्यासारखे दुग्धान्न फस्त करतो, कोणी धुरावलेले मांस आकड्याने ओढतो, तर कोणी मेणबत्ती पळवतो. त्या काळची मेणबत्ती चरबीची असे, म्हणजे तीही खाण्याजोगी. या यादीत सोनेनाणे नाही. भांड्याच्या तळाशी उरलेल्या खरवडीचीही चोरी होऊ शकते आणि त्या चोरीची दखल घ्यावी लागते, अशा घरातून ही नावे जन्मली आहेत. १७८३ च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर आलेल्या दुष्काळात आइसलँडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली, हे लक्षात घेतले म्हणजे या नावांतला विनोद किती पातळ आहे हे कळून येते.

बेगमी केवळ अन्नाची नसते. नाताळपूर्वीच्या आठवड्यांत लोकर पिंजणे, कातणे, विणणे ही कामे संपवावी लागत. नाताळचे प्रचंड मांजर ज्याला नवे वस्त्र मिळालेले नाही त्याला खाते, ही समजूत या कामाशीच जोडली जाते. आल्प्समधील पेर्ख्ता या स्त्रीरूपाशी येथे साम्य दिसते. याकोब ग्रिम यांनी १८३५ च्या आपल्या जर्मन पुराणकथाविषयक ग्रंथात तिची नोंद केली आहे. सूतकताई अपुरी ठेवणाऱ्यांना ती शिक्षा करते. सणाचे ठरलेले अन्न सोडून दुसरे खाणाऱ्याचे पोट फाडून त्यात पेंढा भरते. शिक्षेसाठी निवडलेला अवयव पोट आहे, हे अर्थपूर्ण वाटते.

या मांडणीला सर्वांत बळकट आधार फेरो बेटांवर मिळतो. तेथेही ग्रीला आहे, परंतु ती नाताळात येत नाही. ती ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात येते आणि मांसासाठी रडणाऱ्या मुलांची पोटे चिरण्याची धमकी देते. टेरी गनेल यांनी २००१ मध्ये या बेटांवरील सोंगांच्या परंपरेशी आइसलँडच्या ग्रीलेचा संबंध तपासला आहे. सोंगांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. तेच नाव दोन समाजांत दोन वेगळ्या तिथींना चिकटले आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न घरातील अन्नाचाच राहिला. म्हणजे हे भय सणाला बांधलेले नाही. घराची बेगमी ज्या वेळी कसोटीला लागते, त्या वेळेला ते बांधलेले आहे.

या मांडणीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ग्रीसमधील कल्लिकांत्झारी वर्षभर पाताळात विश्ववृक्ष कापत असतात आणि २५ डिसेंबर ते ६ जानेवारी या बारा दिवसांत वर येतात. ते परत जातात तेव्हा वृक्ष पुन्हा अखंड झालेला असतो. तेही घरातले अन्न नासवतात, पण त्यांच्या कथेचा गाभा बेगमीत बसत नाही. तेथे जगाच्या टिकण्याचीच शंका आहे. सर्व हिवाळी भयरूपांना एकच किल्ली लागत नाही, हे मान्य करूनच ग्रीलेचे वाचन करावे लागते.

मग भुकेचे हे भय सौम्य कसे झाले? १७४६ मध्ये डॅनिश राजसत्तेने आइसलँडसाठी घरशिस्तीचा हुकूम काढला आणि योलास्वेनार व भुते यांची भीती मुलांना घालण्यास मनाई केली. हुकुमाच्या दृष्टीने भय ही पालकांची चूक होती. घरातील टंचाईचा त्यात विचार नव्हता. १९३२ मध्ये कवी योहान्नेस उर कोट्लुम यांनी बालकवितेत हे तेरा पोरगे रंगवले आणि प्रदेशागणिक बदलणारी त्यांची नावे व संख्या स्थिर केली. हुकुमाला जे साधले नाही ते छापील कवितेला साधले : चोर लाडके झाले. पुढे ते लाल कपडे घालून मुलांच्या बुटांत भेटी ठेवू लागले. नावे मात्र भुकेचीच राहिली.

मराठी अनुवादकाची कसोटी येथेच आहे. ग्रीलेला ‘हडळ’ म्हणता येत नाही. हडळ हे मृत स्त्रीचे भूत, तर ग्रीला ही नवरा आणि मुले असलेली जिवंत राक्षसीण. ‘बागुलबुवा’ हा पर्यायही फसवा आहे. बागुलबुवाला तिथी नसते. मूल जेवेना किंवा झोपेना की तो कोणत्याही रात्री येतो. त्याचे नाव ग्रीलेला दिले की आपण नकळत वळण लावण्याचीच समजूत स्वीकारतो आणि भुकेची नोंद पुसतो. त्याउलट ‘खरवड’, ‘चाटू’, ‘बेगमी’ हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. पावसाळ्याच्या तोंडावर भरलेले डबे मोजणाऱ्या घराला खरवड चोरणाऱ्याचे भय समजावून सांगावे लागत नाही. तौलनिक अभ्यासाने भुतांच्या जमातीत साम्य शोधण्यापूर्वी भांड्यांच्या नावांत ते शोधावे, हे अधिक फलदायी ठरेल.