चाळा, खोड की विकार? : बालकांतील केशोत्पाटनाच्या व्याख्येची चिकित्सा

स्वतःचे केस वारंवार उपटण्याच्या विकारास हालोपो ह्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ साली ‘ट्रायकोटिलोमेनिया’ हे नाव दिले. त्यातील अंत्यपद वेडाचे वाचक आहे. परंतु केस उपटणारी मुले भ्रमिष्ट नसतात. तथापि नावातील हा दोष गौण होय. खरा आक्षेप व्याख्येवर आहे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८७ च्या वर्गीकरणात ह्या विकारास आवेग-नियंत्रणाच्या विकारांत स्थान दिले आणि केस उपटण्यापूर्वी वाढता ताण व उपटताना समाधान किंवा सुटका ही लक्षणे आवश्यक ठरविली. ही कसोटी प्रौढाच्या आत्मनिवेदनावर उभी आहे. ताण साठला आणि ओसरला, हे सांगण्यास लागणारी आत्मनिरीक्षणाची शक्ती सहा वर्षांच्या बालकाजवळ कोठून असणार? शिवाय वाचताना किंवा झोपेची वाट पाहत पडले असता हात पुष्कळदा नकळतच केसांकडे जातो. मराठीतील ‘चाळा’ हा शब्द ह्या नकळतपणाचे यथार्थ दर्शन घडवितो. उलट ‘खोड’ म्हटले की दोष मुलाच्या शीलाकडे जातो आणि उपचाराच्या जागी शिक्षा येते.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ताण-समाधानाची अट वगळली व हा विकार मंत्रचळाशी, म्हणजे ओसीडीशी, संबद्ध गटात घातला. सुधारणा योग्य, पण अपुरी आहे. मंत्रचळात कृतीमागे बहुधा भयप्रद विचार असतो. येथे तो सहसा आढळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रुग्णाने ही कृती थांबविण्याचे वारंवार प्रयत्न केलेले असावेत, ही अट नव्या व्याख्येतही आहे. अगदी लहान वयातील असा चाळा अनेकदा आपोआप सुटतो. त्यास विकार ठरवू नये, एवढ्यापुरता ह्या अटीचा उपयोग मान्य करता येईल. पण तो हेतू कालावधी व दृश्य हानी ह्या कसोट्यांनीही साधतो. ज्या बालकास आपण काय करतो ह्याचेच भान नाही, त्याच्याकडून प्रतिकाराचा पुरावा मागणे तर्कदुष्ट होय.

प्रौढांचे माप बालकांस लावण्यातील धोका उपचारांतही दिसतो. एन-ॲसिटिलसिस्टीन ह्या औषधाचा प्रौढांना लाभ झाल्याचे २००९ च्या चाचणीत आढळले. २०१३ साली मुलांवर झालेल्या चाचणीत मात्र ते निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. ॲझ्रिन व नन ह्यांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय-परिवर्तनाची पद्धती आरंभच नकळतपणापासून करते : प्रथम हाताच्या हालचालीचे भान, मग मूठ आवळण्यासारखी विरोधी क्रिया. मुलांच्या बाबतीत हीच दिशा अधिक आश्वासक आहे.

सोबत चिंता किंवा विषण्णता असल्यास तिचा स्वतंत्र विचार अवश्य आहे. उपटलेले केस गिळणाऱ्या मुलाच्या जठरात केसांचा गोळा होऊन शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. म्हणून उपेक्षाही घातकच. व्याख्या बालकाच्या कबुलीवर नव्हे, तर निरीक्षणावर आधारली तरच शिक्षा व उपेक्षा ह्या दोन्ही टोकांपासून त्याचे रक्षण होईल.