माहा नंबर कवा लागन?

माझा भाचा पुण्याला संगणकात आहे. म्हणजे नोकरीला. दिवाळीला हिंगणघाटला आला, तरी एक हात चकलीच्या डब्यात आणि दुसरा संगणकावर. म्हटलं, "काय चाललंय?"

"रांग लावतोय, मामा."

रांग म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. हिंगणघाटच्या माणसाला रांगेचं कोणी काय शिकवावं! लहानपणी आजोबांशेजारी कापसाच्या बंडीवर, खरेदी केंद्राबाहेर मी रात्रीच्या रात्री काढल्या आहेत.

प्रकार असा, की हजार गिऱ्हाइकं एकदम अंगावर आली तर संगणक कोलमडतो. म्हणून दाराशी पहारेकरी बसवतात : सेकंदाला इतकेच आत. हा पहारेकरी तयार मिळतो. गूगलच्या 'ग्वावा' नावाच्या पेटाऱ्यात २०१२ साली आलेला 'रेटलिमिटर' त्यातलाच. त्याला 'अक्वायर' म्हटलं की अर्थ, "थांबतो, पण आत सोड." 'ट्रायअक्वायर' म्हणजे, "सोडतोस का? नाहीतर चाललो."

समजा, सेकंदाला एक असा दर आहे. पहिल्यानेच एकदम १०० जागा मागितल्या, तर हा गृहस्थ त्याला ताबडतोब आत सोडतो! मागून एकटा आलेला मात्र १०० सेकंद उभा. शंभर बंड्यांचा मालक आत, आणि खोटी एका बोचक्यावाल्याची!

"दार मोकळंच होतं ना मामा, पहिल्याला उगाच कशाला थांबवायचं?"

मुद्दा बिनतोड आहे. नियमाशी माझं भांडण नाहीच. भांडण बोलण्याशी आहे. मागच्याने 'ट्रायअक्वायर' म्हणून विचारलं, तर उत्तर नुसतं "नाही". मग केव्हा येऊ? ते सांगायची पद्धत नाही. 'अक्वायर' म्हणून थांबला, तर आकडा मिळतो. पण किती थांबावं लागेल याचा नव्हे, किती थांबलात याचा! म्हणजे १०० सेकंद ताटकळत ठेवून वर अदबीने सांगायचं, "साहेब, आपण १०० सेकंद उभे होतात." 'गो' भाषेतला पहारेकरी त्यापेक्षा माणसाळलेला. त्याला 'रिझर्व्ह' म्हटलं, की किती थांबायचं ते आधी कळतं.

आमच्या रांगेतला एक म्हातारा तासातासाला फाटकाशी जाऊन विचारायचा, "बाप्पा, माहा नंबर कवा लागन?" त्याला मध्ये घुसायचं नव्हतं. बैलांसाठी वैरण किती आणायची, एवढंच ठरवायचं होतं.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, ती सोय मलाच लिहावी लागेल."

"लिही," म्हटलं, "चकल्या मी सांभाळतो."