बजाजवाडी जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

'ऐतिहासिक वास्तूंचं जतन' हा विषय घेणार असाल, तर आधी 'वारसा' हा शब्द नीट बघा. घराण्याची मालमत्ताही वारसाच, आणि समाजाने जपावं ते संचितही वारसाच. वर्ध्याच्या बजाजवाडीत हे दोन्ही अर्थ गुंतलेले आहेत.

या वास्तूवरचं लेखन बहुधा पाहुण्यांच्या यादीने सुरू होतं. नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू इथे उतरत. काँग्रेस कार्यसमितीच्या बैठका इथे होत. खरंच आहे ते. पण माझी तक्रार अशी की, या यादीने वास्तू मोठी दिसते आणि आपण प्रश्न विचारायचे राहून जातात.

आता घरधन्याकडे बघा. जमनालाल बजाज हे दत्तक वारस. सीकरजवळच्या खेड्यातून वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरात आलेले. १९०७ मध्ये बच्छराजांशी खटका उडाला, तेव्हा त्यांनी संपत्तीवर हक्क सोडल्याचं पत्रच लिहून दिलं. संपत्ती पुढे त्यांच्याकडेच आली, पण आपण मालक नाही, विश्वस्त आहोत, असं ते मानत. १९२८ मध्ये त्यांनी घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं. १९३४ मध्ये ग्रामोद्योगाच्या कामासाठी स्वतःची बाग दिली, तीच मगनवाडी.

म्हणजे या घराण्याचा वारसा जितका राखण्यात आहे, तितकाच सोडण्यात. सोडलेली गोष्ट वास्तूत कशी दाखवणार? जतनाची खरी अडचण इथे आहे.

साधनांचंही तसंच. गांधीजींचा जमनालालजींशी झालेला पत्रव्यवहार काका कालेलकरांनी संपादित केला आणि १९५३ मध्ये तो बजाजांच्याच नावाच्या ट्रस्टने छापला. म्हणून तो खोटा ठरत नाही. पण काय जपायचं हे ठरवणारे आणि ज्यांची आठवण जपली जाते ते, दोघे एकाच घरचे आहेत, एवढं भान ठेवा.

मग प्रस्तावात तीन प्रश्न लिहा. हा पैसा कापसाच्या व्यापारातून आला, तर कापूस पिकवणाऱ्यांच्या आठवणी कुठे आहेत? मंदिरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांनी तो दिवस कसा सांगितला? आणि पाहुण्यांची ऊठबस करणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेवली?

उत्तरं बंगल्यात मिळाली नाहीत तर निराश होऊ नका. गावात जा, लोकांशी बोला. तुमचं संशोधन तिथूनच सुरू होईल.